अडीच खणांची जहागीर

निजाम अली आमच्या मळ्यातील वाड्यात कधीही उतरला नव्हता, हे मी आरंभीच सांगून टाकतो. कारण लेख जसजसा पुढे सरकेल तसतसे ते सांगण्याचे धैर्य माझ्या अंगी उरेलच, अशी खात्री माझी मलाच नाही. खर्ड्याच्या शिवारात जन्मलेल्या मनुष्याला पूर्वजांविषयी बेताने बोलणे जमत नाही. आमच्याच जामखेड तालुक्यातील चोंडीच्या लोकांना अहिल्याबाई होळकर मिळाल्या आणि आता तर सबंध जिल्ह्याने त्यांचे नाव धारण केले; आमच्या वाट्याला मात्र एक लढाई आली, तीही अशी की जिंकणारे पुण्याचे, हरणारे हैदराबादचे आणि नाव तेवढे आमच्या गावाचे. ज्या गावाने इतिहासाला केवळ जागा पुरविली, त्या गावातील प्रत्येक कुळाला आपण त्या प्रसंगी नेमके कोठे उभे होतो हे सिद्ध करण्याची निकड लागून राहावी, यात नवल नाही. आमच्या कुळाने ही निकड वाड्यावर भागविली.

वाड्याच्या उत्पत्तीविषयी घराण्यात दोन पाठ प्रचलित आहेत. थोरल्या पातीच्या मते लढाईतील कामगिरीबद्दल पेशव्यांनी आमच्या मूळपुरुषाला जमीन इनाम दिली आणि तिच्यावर त्याने हा वाडा बांधला. धाकट्या पातीच्या मते निजामाची फौज रातोरात पळाली तेव्हा मागे पडलेल्या सामानातला एक पेटारा मूळपुरुषाच्या हाती लागला आणि त्या द्रव्यातून वाडा उभा राहिला. मी थोरल्या पातीचा, त्यातून चार बुके शिकलेला. तेव्हा इनामाची हकीकत मला अधिक शोभिवंत वाटावी हे ओघानेच आले. पुढे दप्तरांच्या जगाशी थोडाबहुत परिचय झाला आणि ध्यानात आले की इनामाला सनद लागते, सनदेवर शिक्का लागतो आणि १८५२ नंतर इंग्रजांच्या इनाम कमिशनने अशा सनदा मागवून एकेक उलटीसुलटी करून तपासल्या होत्या. लुटीला मात्र कसलाच कागद लागत नाही. तेव्हापासून मी धाकट्या पातीशी अधिक आपुलकीने वागू लागलो.

कागद अगदीच नाही असे म्हणता येणार नाही. नोकरीनिमित्त मी नगरास बिऱ्हाड केले, त्या बिऱ्हाडाच्या बैठकीत एक मोडी कागद काच लावून टांगलेला आहे. वाड्यातील देवघराच्या फळीमागे तो सापडला. त्याच्या कोपऱ्यात काळसर वाटोळा डाग असून तो शिक्का आहे, असे मी येणाऱ्या-जाणाऱ्यांस सांगतो. कागद एकदा वाचून घ्यावा, अशी सूचना अनेक हितचिंतकांनी केली. मोडी वाचणारे लोक महाराष्ट्रात कमी झाले असले तरी पाहिजे तितके कमी झालेले नाहीत याची मला पूर्ण जाणीव आहे, आणि म्हणूनच मी सावधगिरीने वागतो. मोडीचा जाणकार घरी येणार असे कळले की त्या चौकटीवर एका पतसंस्थेचे भले मोठे कॅलेंडर येते. न वाचलेला कागद सनद असू शकतो. वाचलेला कागद बहुधा दोन बैलांच्या उधारीचा निघतो. कागद वाचण्यापायी ज्यांनी आयुष्ये वेचली त्या संशोधकांना महाराष्ट्राने मानपत्रे दिली. एक कागद न वाचला जावा म्हणून मी आजवर जी खटपट केली तिचीही कोठे तरी नोंद व्हावी, एवढीच अपेक्षा.

आता वाडा. आमच्या भागात घराची थोरवी चौरस फुटांत नव्हे, खणांत मोजतात. दोन तुळयांमधले अंतर म्हणजे एक खण, आणि आमचा वाडा चांगला छत्तीस खणांचा. तळाला घडीव दगडाचे तीन-चार थर, त्यांवर पांढऱ्या मातीच्या भिंती, रुंदीला दोन हातांहून कमी कोठेच नाहीत. पूर्वेकडे तोंड केलेला दरवाजा, त्यात वाकून जावे लागणारी दिंडी, आतून भिंतीच्या पोटात सरकणारा अडसर, शेजारी देवडी. देवडी ओलांडली की चौक, चौकाच्या तीन अंगांना सोपे, मागे माजघर, माजघराच्या एका अंगाला देवघर, दुसऱ्या अंगाला बाळंतिणीची अंधारी खोली, आणि माजघराच्याच जाड भिंतीत धान्य साठविण्याचे बळद. बाहेरच्या बाजूला खिडकी म्हणून नाही. उजेड येतो तो चौकातून आणि माळवदात धूर जाण्यासाठी ठेवलेल्या झरोक्यांतून. दर्शनी भिंतीत वरच्या अंगाला तीन छिद्रे आहेत, त्यांना मी कालपरवापर्यंत जंग्या म्हणे आणि तेथून बंदुका चालत असे सांगे. पाहुणे मान वर करून पाहत. त्यांतून आजवर फक्त चिमण्या आत-बाहेर करताना दिसल्या, हे सांगण्याचा प्रसंग कोणी आणीत नसे. दरवाज्याच्या फळीवर काही खड्डे आहेत. पोळ्याचे तोरण बांधण्यासाठी वर्षानुवर्षे ठोकलेल्या खिळ्यांचे ते व्रण. त्यांच्यावरून हात फिरवीत मी काही न बोलता नुसता सुस्कारा टाकतो. गोळ्यांचे अनुमान पाहुणे आपल्या बुद्धीने करतात आणि त्याची जबाबदारी माझ्यावर राहत नाही.

१८८४ साली निघालेल्या नगर जिल्ह्याच्या गॅझेटियरात खर्डा आहे, किल्ला आहे, लढाई आहे. आमचा मळा नाही. गॅझेटियर लिहिणाऱ्या साहेबांना स्थानिक माहिती पुरविणाऱ्या इसमाचे आणि आमच्या खापरपणजोबांचे बांधावरून वाकडे असले पाहिजे, असे आमचे आजोबा म्हणत. यास पुरावा नाही. परंतु आमच्या गावात बांधावरून कोणाचे कोणाशी वाकडे नव्हते याला तर त्याहूनही पुरावा नाही.

लढाईविषयी मी येथे बोलणार नव्हतो. वाड्यावरील लेखात तिचे प्रयोजन नाही, हेही मला कळते. परंतु खर्ड्याच्या मनुष्याने लढाईला वळसा घालून पुढे जावे, ही अपेक्षाच अमानुष आहे. तेव्हा वाचकांनी थोडा वेळ मळ्याच्या बाहेर उभे राहावे.

साल १७९५, महिना मार्च. चौथाईच्या थकबाकीचा तंटा विकोपाला जाऊन निजाम अली बीदरहून मांजरेच्या काठाकाठाने लाखाहून अधिक फौजेनिशी निघालेला. इकडे नाना फडणिसांनी जमविलेली फौज त्याहूनही मोठी, आणि तीत दौलतराव शिंदे, तुकोजी होळकर, नागपूरकर रघूजी भोसले, पटवर्धन असे झाडून सारे सरदार. पेशव्यांच्या निशाणाखाली हे सगळे एकत्र आले ते अखेरचेच. सेनापतिपद परशुरामभाऊ पटवर्धनांकडे. ११ मार्च रोजी मोहरीच्या घाटाने उतरणाऱ्या मोगलांवर, म्हणजे निजामाच्या फौजेवर, मराठे चालून गेले. टेहळणीसाठी पुढे गेलेले भाऊ पठाणांच्या हल्ल्यात जखमी झाले आणि आघाडी डळमळली. मग शिंद्यांच्या तोफा व भोसल्यांचे बाण सुरू झाले. निजामाकडे फ्रेंच सेनानी रेमंडच्या कवायती पलटणी, शिंद्यांकडे पेराँच्या. म्हणजे खर्ड्याच्या माळावर त्या दिवशी दोन फ्रेंच माणसे एकमेकांवर तोफा डागीत होती आणि दोघांचेही पगार इथल्याच मुलखातल्या रयतेच्या सारावसुलीतून निघत होते. संध्याकाळ झाली तरी कोणी निर्णायक हरलेले नव्हते. निजामाबरोबर त्याचा जनाना होता. तोफांच्या आवाजाने बेगमा घाबरल्या आणि त्यांच्या हट्टापायी त्याने फौजेला मागे फिरण्याचा हुकूम दिला, असे इतिहासकार सांगतात.

खरी मौज रात्रीची. मराठ्यांची एक लहानशी टोळी घोड्यांना पाणी पाजण्यासाठी ओढ्याच्या शोधात भटकत असता अंधारात मोगलांच्या टोळीवर जाऊन आदळली. मोगलांनी बंदुका झाडल्या, जवळच रेमंडचे पहारेकरी होते त्यांनीही झाडल्या, आणि भरलेल्या बंदुका उशाशी घेऊन निजलेली सबंध रांग दचकून उठली व समोर कोण आहे याचा विचार न करता तिने एकजात बार उडविला. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने ही हकीकत दिली आहे. त्या एका धडाक्याने निजाम अलीचा उरलासुरला धीर सुटला आणि तो खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला. सकाळी मराठे पाहतात तो तोफा, तंबू, दाणावैरण, बाडबिछाना सारे जागच्या जागी आणि फौज बेपत्ता. एका साम्राज्याचे भवितव्य घोड्यांच्या तहानेवर ठरले, आणि तो ओढा आमच्या मळ्याच्या खालून जातो. म्हणजे, एक ओढा जातो. खर्ड्यात ओढे पुष्कळ आहेत. पण मी दाखवितो तो हाच.

किल्ला हा एक निराळाच विनोद. निजामाच्या पदरी असलेल्या सुलतानजी निंबाळकरांनी १७४३ च्या सुमारास तो बांधला: चौकोनी, भुईकोट, घडीव दगडाचा, भोवती खंदक, आत पायऱ्यांची विहीर आणि मशीद. मराठा सरदाराने निजामाच्या चाकरीत बांधलेल्या किल्ल्यात निजाम मराठ्यांच्या भीतीने लपला. दोन दिवस तोफा चालल्या आणि त्याने तह मागितला. दौलताबादचा किल्ला, तीस-पस्तीस लाखांचा मुलूख, तीन कोटी रुपये आणि भांडणाचे मूळ मानला गेलेला त्याचा दिवाण मुशीरुल्मुल्क, इतके देण्याचे त्याने कबूल केले. दिवाण मराठ्यांच्या गोटात आणला गेला तेव्हा छावणीत जल्लोष चालला असता वीस-एकवीस वर्षांचे पेशवे सवाई माधवराव मात्र उदास होते. न लढता मिळालेल्या जयाचा एवढा डांगोरा आणि इतकी सहज शरणागती, दोन्हींत त्यांना अवनतीच दिसली, असे डफच सांगतो. त्याच वर्षी ऑगस्टात अहिल्याबाई गेल्या, ऑक्टोबरात सवाई माधवराव. आणि पुढच्या वर्षी पुण्याच्या गादीच्या कारस्थानात निजामाचे साह्य मिळावे म्हणून नानांनी महाडच्या तहाने खर्ड्याची कमाई बहुतेक सारी परत करून टाकली. दिवाणही सुटला, मुलूखही गेला. खर्ड्याकडे उरले ते नाव, आणि अलीकडे २०२१ साली किल्ल्यापुढे उभारलेला अतिउंच ध्वज.

ही सारी कथा मी वाड्याच्या चौकात उभा राहून पाहुण्यांना हातवारे करीत सांगतो. एकदा सांगत असता सोप्यात ज्वारी पाखडीत बसलेली आत्या मध्येच म्हणाली, “आरं, होळी होऊन किती दिस झालं व्हतं म्हनायचं तवा?” मी म्हणालो, पाच-सहा दिवस. त्यावर ती म्हणाली, “मंग शाळू खळ्यावर आसंल की. त्येचं काय झालं?”

लढाईवर मी जेवढे वाचले होते त्यात शाळवाचा उल्लेख कोठेच नव्हता. दोन्ही बाजूंची मिळून सव्वादोन लाखांवर माणसे, शिवाय पेंढारी. त्यांचे घोडे, तोफांचे बैल, हत्ती, उंट. आणि नेमका तो काळ, जेव्हा आमच्या बालाघाटाच्या पायथ्याला रब्बीची ज्वारी कापून कणसे खळ्यावर पडलेली असतात, कडब्याच्या गंजी लागायच्या असतात, आणि वर्षभराचे सारे अन्न घराबाहेर उघड्यावर असते. लढाईत माणसे फारशी पडली नाहीत, असे सगळे इतिहासकार समाधानाने नोंदवितात. कणसांची मोजदाद करण्याचे कोणाच्या मनात आले नाही. आमचा मूळपुरुष त्या दिवशी खर्ड्याच्या रणात होता की नाही, यावर दोन्ही पातींनी पिढ्यानपिढ्या वाद घातला. पण शाळवाचा प्रश्न निघाला आणि तो कोठे असेल हे मला एकदम स्पष्ट दिसले: माजघरात, हातात टोपली घेऊन, सापडेल तेवढे धान्य बळदात ओतीत, आणि मागे बायको शेणामातीने त्याचे तोंड लिंपून भिंत सपाट करीत. बळद लिंपल्यावर भिंत पोकळ आहे हे ठोकून पाहिल्यावाचून कळत नाही. वाडा त्या वेळी उभा होता असा माझा दावा नाही. परंतु ज्याने ते बळद बांधले त्याला फौजा माहीत होत्या, महसूल वसूल करणारे माहीत होते आणि सावकारही माहीत होता. आमच्या घराची लढाऊ बांधणी असेल तर ती एवढीच. चिमण्यांच्या तीन भोकांकडे मी उगाच पाहुण्यांच्या माना वळविल्या.

आत्याला मी मग जफर पलटणीची हकीकत सांगितली. निजामाच्या जनान्याच्या रक्षणासाठी बायकांच्या दोन पलटणी होत्या, त्या खर्ड्याच्या लढाईत उभ्या राहिल्या आणि बाकीच्या फौजेहून काही वाईट लढल्या नाहीत, अशी नोंद आहे. आत्याने सूप खाली ठेवले. “आनि पळायचं ठरलं ते बायका भ्याल्या म्हनून?” तिने विचारले. मी होय म्हणालो. ती काही बोलली नाही, पुन्हा पाखडू लागली. पण त्या दिवसापासून बेगमांच्या घाबरण्याचा प्रसंग मी जरा घाईने उरकतो.

ही आत्या विशीच्या आतच विधवा होऊन माहेरी परतली आणि भाऊ गावात, भाचे शहरात गेल्यावर मळ्यातल्या वाड्यात एकटी राहिली. वाडा आज उभा आहे तो तिच्यामुळे, हे सर्वजण कबूल करतात; कबूल करायला खर्च येत नाही. माळवदाच्या घराला दरसाल माती लागते. तुळयांवर कड्या, कड्यांवर आखूड फळ्या, त्यांवर तुराट्या व तरवडाचा पाला, त्यावर चिखल आणि सर्वांच्या वर हातभर पांढरी माती, अशी ती रचना. पांढरी माती चिकण व खारी असल्याने पाणी पिऊन फुगते आणि खाली झिरपू देत नाही. परंतु पावसाने ती थोडी थोडी वाहून जाते, तिच्यावर गवत उगवते, गवताच्या मुळांनी वाटा पडतात, उंदीर त्या वाटा रुंद करतात. म्हणून मृगाच्या आधी गवत उपटून, नवी माती पसरून, पाणी शिंपून चोपावी लागते, उतार पन्हाळ्यांकडे राखावा लागतो, आणि भर पावसात कोठे टिपकू लागले तर पोत्याची खोळ घेऊन वर जाऊन ती जागा पायांनी दाबावी लागते. या मातीची चांगली खाण म्हणजे गावोगावच्या पडक्या गढ्या. मराठवाड्यापासून आमच्यापर्यंत कित्येक गढ्या पावसाने पडल्या नाहीत, त्या टोपल्याटोपल्यांनी लोकांच्या माळवदांवर चढल्या. कोणा देशमुखाची भिंत आत्याने आमच्या डोक्यावर आणून पसरली, कोणास ठाऊक. घराण्याला सरदारकीचा स्पर्श झाला असेल तर तो या मार्गाने.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून लोक नुकतेच निजले असता, किल्लारीचा भूकंप झाला. औसा, उमरगा, लोहारा या भागांत आठ हजारांच्या आसपास माणसे मेली, आणि बहुतेक सारी स्वतःच्या घराखाली: मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती फाकल्या आणि माळवदाची ती हातभर माती, जी उन्हाळ्यात घर गार ठेवी, निजलेल्यांवर आली. आमच्याकडे भांडी वाजली, दोन ठिकाणी भेग गेली, इतकेच. पण त्या दिवसानंतर माळवद म्हणजे मरण, असे सगळीकडे झाले. लोक कित्येक दिवस अंगणात निजत. गावोगाव माळवदे उतरवून पत्रे आले. माझे चुलते पत्र्याचा भाव काढून मळ्यात आले तेव्हा आत्या आतच निजत होती. सगळे बाहेर असता तू आत का, असे विचारता म्हणाली, “भाईर डास चावत्यात.” वाडा उतरविण्याच्या गोष्टीला तिने जे उत्तर दिले ते येथे छापण्याजोगे नाही. पुढे इंजिनिअरांनी पाहणी करून लिहिले की जेथे छताचे ओझे भिंतींवर होते ती घरे बसली, आणि जेथे ते लाकडी खांबांवर, खणाखणाने तोललेले होते, तेथे भिंती पडूनही पुष्कळदा छप्पर तसेच उभे राहिले. आमचा वाडा दुसऱ्या जातीचा. आत्याने ती पाहणी वाचली नव्हती. तिला इतकेच माहीत होते की दर उन्हाळ्यात ती ज्या खांबांना खालपासून वरपर्यंत जवसाचे तेल चोळते ते खांब ओझे उचलून आहेत.

आणि तरीही तिचे नाव कोठेच नाही. वडील व चुलते यांच्या वाटण्यांच्या वेळी तहसिलीत बहिणींचे हक्कसोडपत्र झाले. “राजीखुशीने, कोणाच्याही दडपणावाचून” हा मजकूर त्यात छापीलच असतो. आत्याने अंगठा लावला, तिला चोळी-बांगडी झाली, साक्षीदार घरातलेच मिळाले, आणि फेरफार बिनतक्रार मंजूर झाला. पेशव्यांनी दिलेल्या न दिलेल्या सनदेसाठी पिढ्यानपिढ्या कोर्टाच्या थाटात भांडणाऱ्या आमच्या घराण्याने हा एकच दस्त असा केला की ज्याबद्दल आजतागायत कोणी चकार शब्द काढलेला नाही. मला या गोष्टीचा संताप येतो. आणि ज्या सातबाऱ्यावर माझे नाव आहे तो उतारा घडी करून पाकिटात ठेवूनच तो येतो.

वाटण्याही पाहण्याजोग्या झाल्या. जमीन वाटली तशी वाड्याचे खणही वाटले, आणि छत्तीसला सरळ भाग जाईना. कोणाला देवडी मिळाली पण दरवाजा नाही. एका चुलत्याच्या वाट्याला भिंतीतला जिना आला आणि दुसऱ्याच्या वाट्याला तो जेथे पोहोचतो ते माळवद, त्यामुळे एकाला वर जाता येते पण तेथे उभे राहण्याचा अधिकार नाही व दुसऱ्याला अधिकार आहे पण पोहोचता येत नाही. एक खांब तिघांत सामाईक आहे. माझ्या वाट्याला अडीच खण आले, तेही त्या माजघरालगतच्या अंगाचे, म्हणजे वस्तुतः बळद. प्रथम मला हा घोर अन्याय वाटला; जहागीरदाराच्या वंशजाने उभे राहायचे म्हटले तर मान वाकवावी लागेल अशी ही जागा. शाळवाची गोष्ट निघाल्यापासून मी तिच्याविषयी निराळ्या स्वरात बोलतो. पाहुण्यांना आता मी जंग्या दाखवीत नाही, भिंतीवर टिचकी मारून पोकळ आवाज ऐकवितो आणि वाड्यातील सर्वांत ऐतिहासिक भाग योगायोगाने माझ्या मालकीचा असल्याचे शक्य तितक्या विनयाने सांगतो.

उताऱ्यावर आजमितीस सत्तावीस नावे आहेत. पुणे, पिंपरी, ठाणे आणि एक परदेशात. सर्वांचे वाड्यावर उत्कट प्रेम आहे. ते सणावाराला येतात, दिंडीपाशी फोटो काढतात, “हे आमचे मूळ घर” असे मुलांना सांगतात, चुलीवरची भाकरी आत्याकडून करवून घेतात आणि अंधार पडायच्या आत जामखेडच्या रस्त्याला लागतात. एकाने येथे कृषिपर्यटन काढण्याची योजना मांडली आहे. तीत चौकात कारंजे आहे. मातीचा विषय निघाला की मात्र ज्याच्या वाट्याला माळवद आहे त्याने टाकावी असे ठरते, आणि तो म्हणतो की गळते माझ्या खणांवर नाही. आत्याचे वय झाले. गुडघ्यांमुळे गेल्या काही उन्हाळ्यांत तिला वर जाता आलेले नाही. चौकात बाज टाकून ती खालून गड्यांना ओरडून सांगते, आणि गडी हल्लीचे असल्याने त्यांना उतार कळत नाही. गेल्या पावसात माझ्या अडीच खणांत पाणी आले. जे बळद पेंढाऱ्यांना सापडले नसते ते पावसाला सापडले.

मृग ७-८ जूनला लागतो. गावच्या गढीची माती आता उचलू देत नाहीत, ते योग्यच आहे. म्हणून पांढरी माती बाहेरून विकत आणवून देवडीसमोर टाकून ठेवली आहे, तिचे पैसे मी भरले आहेत आणि हिशेब कोणाला विचारणार नाही. ज्यांची ज्यांची नावे उताऱ्यावर आहेत त्यांनी त्यापूर्वीच्या रविवारी सकाळी लवकर यावे. टोपल्या, फावडी व चोपणी येथे आहेत. पायांत चपला नकोत. माती कोठे जाड व कोठे पातळ पसरायची हे आत्या सांगेल आणि तिचेच ऐकावे लागेल. जिना ज्यांच्या वाट्याचा आहे त्या काकांची परवानगी मी लेखी घेऊन ठेवली आहे.